कोणी उभं नसलेलं वळण

बसवालीला रस्त्यांची नावं येत नव्हती, आणि बावीस वर्षांत त्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं. सकाळी सहा चाळीसला शाळेची बस घेऊन ती निघायची. जुळ्या बहिणी दिसल्या की डावीकडे. दप्तर पोटाशी धरून उभा असलेला जाड्या दिसला की उजवीकडे. चष्मेवाली मुलगी कुंपणाला टेकलेली दिसली की गाडी हळू, कारण पुढे खड्डा. मुलं मोठी होत, शाळा सोडून जात, त्यांच्या जागी दुसरी येत. नव्या वर्षाचे पहिले दोन दिवस ती जरा भांबावायची, तिसऱ्या दिवशी नवे चेहरे पाठ. पण एखाद्या पाहुण्याने चौकाचं नाव घेऊन पत्ता विचारला, तर ती त्याच्याच तोंडाकडे बघत राहायची.

अशा बाईने वाळवंटातल्या मोटरसायकल शर्यतीत उतरायचं मनात घ्यावं, हे कोणालाच नीट समजलं नाही. तिला स्वतःलाही पूर्ण समजलं होतं असं नाही. झालं होतं एवढंच की, गेल्या वर्षी शर्यतवाल्यांची गाडी बंद पडली आणि शाळेने आपली बस दिली. तिने त्या स्वारांना गावाबाहेर, जिथून वाळू सुरू होते तिथे नेऊन सोडलं. एकेक जण सुटत गेला, बारीक होत गेला, दिसेनासा झाला. तिने शेजारच्या माणसाला विचारलं, "तिकडे पुढे कोण उभं असतं?"

"कोणी नाही," तो म्हणाला.

ते दोन शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. बावीस वर्षं ती जिथे जिथे गेली होती, तिथे कोणी ना कोणी उभं होतंच, आणि तिला उशीर झाला की तोंड वाकडं करत होतं.

मोटरसायकल तिला तरुणपणापासून चालवता यायची. डेपोत ती मोटरसायकलवरूनच जायची. पण शर्यतीचा फॉर्म भरायला एक दाखला लागत होता, आणि दाखल्यासाठी परीक्षा. बहात्तर किलोमीटर वाळूत, तीन तासांत, रोडबुक वाचून. परीक्षा वर्षातून एकदा. नवख्यांना वयाची अट बावन्नच्या आत, आणि बसवालीला एकावन्न सरत आलं होतं. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

तिच्या बाजूने तिघं उभे राहिले. एक तिची नणंद. नवरा गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत होत्या. नणंद दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि माणसांशीही तसंच बोलायची, श्वास घ्या, रोखा, सोडा. दुसरा टायरवाला, डेपोसमोर पंक्चर काढणारा, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. तिसरा चष्म्यांच्या दुकानाचा मालक, साठीचा, काटेकोर, ज्याला सगळे भाऊ म्हणत.

भाऊंनी पहिल्याच दिवशी रोडबुक समजावून सांगितलं. कागदाची लांब गुंडाळी एका काचेच्या डबीत बसवायची, डबी हँडलवर. डाव्या अंगठ्याजवळचं बटण दाबलं की गुंडाळी पुढे सरकते. एकेका चौकोनात एकेक जागा. डावीकडे किलोमीटरचा आकडा, मधे बाणाचं चित्र, उजवीकडे एखादी खूण, दगड, खांब, सुकलेलं तळं. गाडीचा मीटर आणि कागदाचा आकडा जुळला की बाणाप्रमाणे वळायचं.

"सोपं आहे, बाई," भाऊ म्हणाले. "अक्षर लावता येणाऱ्याला अवघड नाही."

"सोपं आहे," बसवाली म्हणाली, आणि पहिल्याच रविवारी अकराव्या किलोमीटरला चुकून दगडांच्या खाणीत जाऊन पोचली.

मग सल्ले सुरू झाले. टायरवाला म्हणाला, "ताई, उभी राहून चालव, आणि नजर लांब ठेव. खाली बघितलंस की आपटलीस." भाऊ म्हणाले, "कागद बघितला नाही तर कळणार कसं? नजर खाली हवी." नणंद म्हणाली, "वर बघा, खाली बघा, पण दर वीस मिनिटांनी पाणी प्या, वहिनी." पाणी प्यायला हेल्मेटमधली नळी तोंडात धरायची, तर वरही दिसत नव्हतं आणि खालीही. बसवालीला वाटे, देवाने माणसाला दोनच डोळे दिले, हे तिघांना कोणीतरी सांगायला हवं.

तोडगा टायरवाल्याने काढला. तिचा धीर सुटतो आहे हे त्याने बरोबर ओळखलं होतं. "आपण वळणांवर जाऊन उभं राहू," तो म्हणाला. "टाळ्या वाजवू. माणूस दिसलं की माणसाला जोर येतो."

सरावाच्या रस्त्यात सात वळणं होती. तिघं टायरवाल्याच्या टेम्पोतून आधीच निघत. पहिल्या वळणावर नणंद पाण्याची बाटली घेऊन, दुसऱ्यावर भाऊ छत्री घेऊन, तिसऱ्यावर टायरवाला नुसताच. बसवाली गेली की टेम्पो नणंदेला आणि भाऊंना गोळा करत आडवाटेने पुढच्या वळणांवर. आणि काय सांगावं, बसवाली सुटली की सुटलीच. आधी जिथे तीन तास लागत, तिथे पुढच्या रविवारी दोन तास दहा मिनिटं. त्याच्या पुढच्या रविवारी एक तास पन्नास. भाऊ घड्याळ बघून वहीत लिहीत. नणंद म्हणाली, "वहिनी, तुमच्यात हे होतंच, बाहेर काढायला उशीर झाला एवढंच." टायरवाला तर डेपोत येणाऱ्या जाणाऱ्याला थांबवून सांगू लागला. बसवालीच्या चालण्यातच फरक पडला. बसमधली मुलं म्हणू लागली, मावशी हल्ली गाणं गुणगुणते.

असं सुरू झाल्यापासून चौथ्या रविवारी टायरवाला ज्या जागी उभा राहायचा, तिथे मुंग्यांचं वारूळ निघालं. मुंग्या पँटमध्ये शिरल्यावर कोणता माणूस जागा धरून राहील. तो शंभरेक पावलं पलीकडे एका काटेरी झुडपाच्या सावलीला जाऊन उभा राहिला. बसवाली आली, त्याच्यापाशी डावीकडे वळली, आणि गेली. टायरवाल्याला वाटलं, आज नवा जवळचा रस्ता शोधला वाटतं. त्याने टाळ्याही वाजवल्या.

दोन तासांनी ती सापडली ती खारट जमिनीच्या एका सपाट तुकड्यावर. चहूकडे सारखंच. हेल्मेट मांडीवर घेऊन ती गाडीच्या सावलीत बसली होती.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"तेच कळत नाहीये," बसवाली म्हणाली. "मी तर रोजच्यासारखीच वळले."

"कागदावर काय होतं?"

ती हेल्मेटवरची वाळू झटकू लागली.

"कागदावर काय होतं, बाई? वळलात कशावरून?"

"हा उभा होता ना," तिने टायरवाल्याकडे बोट केलं. "हा उभा असला की डावीकडे."

भाऊंनी खिशातून चष्मा पुसायचं फडकं काढलं. रोडबुकच्या डबीवर धुळीचा थर होता. काच पुसायचा त्यांचा हात सवयीचा, गोल गोल, कोपऱ्यापर्यंत. काच स्वच्छ झाली आणि चौघांनी वाकून पाहिलं. गुंडाळी पहिल्याच चौकोनावर होती. शून्य किलोमीटर, सरळ बाण, खूण, टेम्पो.

"ही आजची धूळ नाही," भाऊ म्हणाले. "ही तीन रविवारांची आहे."

नणंदेने बाटली पुढे केली. बसवालीने घेतली नाही.

"म्हणजे मी शिकले काय इतके दिवस?" ती म्हणाली.

"चालवायला शिकलीस," टायरवाला म्हणाला. "आधी पडायचीस, आता पडत नाहीस."

"पडत नाही, पण जाते कुठे? मला येतंय की मला नेलं जातंय?"

टेम्पोत गाडी चढवताना टायरवाल्याचं तोंड उतरलं होतं. परीक्षेला आपण वळणांवर दिसायचं नाही, असं भाऊंनी ठरवून टाकल्यावर तो आणखी फुगला. "मग आम्ही हिला जोर द्यायचा कसा? घरी बसून?"

"हो, घरी बसून," नणंद म्हणाली. "मी एक्स-रे काढताना बाहेरच उभी असते. आत जाऊन हात धरत नाही."

परीक्षेला एकच आठवडा उरला होता. त्या आठवड्यात भाऊंनी तिच्या बसच्या रस्त्याचीच गुंडाळी करून दिली. दोन पूर्णांक चार, डावा बाण. तीन पूर्णांक एक, उजवा बाण. ना जुळ्या बहिणी, ना जाड्या, नुसते आकडे. सोमवारी बसवाली आकड्यांच्या इतकी नादी लागली की चष्मेवाल्या मुलीला कुंपणाशीच ठेवून पुढे गेली, आणि आख्खी बस ओरडली. मंगळवारी मीटर बघताना खड्ड्यात चाक गेलं. बुधवारी जुळ्या बहिणी दोघीही तापाने घरी होत्या. कोपरा रिकामा होता. बसवालीचा पाय ब्रेकवर गेला, मग तिने आकडा पाहिला, आणि वळली. बरोबर होतं. पण बरोबर असून आनंद झाला नाही. उलट जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं झालं. आपल्याला त्या कोपऱ्याची माहितीच नव्हती, आपण फक्त त्या पोरींना ओळखत होतो, हे तिला आता कळत होतं, आणि ते कळून पुढे काय करायचं हे कळत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी वारा होता. परीक्षक रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने गुंडाळी हातात दिली. "वाटेत खुणा नोंदवणारं यंत्र गाडीला आहे. एक खूण सुटली तर चालेल. दोन सुटल्या तर पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी मला येता येणार नाही," बसवाली म्हणाली.

त्याने तिच्या कागदावरचं वय पाहिलं आणि मान हलवली.

पहिले चाळीस किलोमीटर ती दर चौकोनाला बटण दाबत गेली. एक खूण सुटली, ते तिच्या लक्षात आलं, मोडका खांब उजवीकडे ठेवून जायचं होतं, तो डावीकडे राहिला. आता उधळायला काही शिल्लक नव्हतं. तोंड कोरडं पडलं होतं, आणि नळी तोंडात धरायचा धीर होत नव्हता.

मग दोन वाटा फुटल्या. डाव्या वाटेच्या तोंडाशी एक ट्रक बंद पडला होता, आणि त्याच्या पुढे एक माणूस उभा. तिला पाहून त्याने हात वर केला.

हँडल आपोआप डावीकडे गेलं. चाक त्याच्या दिशेने दोन हात फिरलंसुद्धा. तिने ब्रेक दाबला, गाडी वाळूत रुतून थांबली. माणूस अजून हात हलवत होता. मदत मागत होता, की वाट दाखवत होता, की नुसताच हात करत होता? वस्तीपासून इतक्या लांब उभा असलेला माणूस उगाच थोडाच उभा असेल?

तिने खाली पाहिलं. कागदावर एकेचाळीस पूर्णांक तीन, उजवा बाण, खूण दोन दगड. मीटर एकेचाळीस पूर्णांक सहा दाखवत होता. दगड दिसत नव्हते. म्हणजे वळण मागेच राहिलं का? मग टायरवाल्याचं बोलणं आठवलं. वाळूत चाक जागच्या जागी फिरतं ताई, मीटर तुझ्यापुढे पळतो, त्याचं सगळं खरं मानू नकोस. ती उतरली. उजव्या वाटेच्या तोंडाशी वाळूत एक उंचवटा होता. बुटाने उकरला. खाली दगड. पलीकडे दुसरा.

"ठीक आहे ना?" तिने माणसाला ओरडून विचारलं.

"ठीक आहे," तो ओरडला. "दुसरी गाडी येतेय. तुम्ही जा."

ती उजवीकडे गेली. आरशात तो बराच वेळ दिसत राहिला, हात वर. पुढची खूण शेहेचाळीसला होती, लोखंडी पिंप. मधल्या पाच किलोमीटरमध्ये काहीही नव्हतं. आपण बरोबर आहोत असं सांगणारं कोणी नाही, चूक आहोत असं सांगणारंही कोणी नाही. हेच पाहायला आपण निघालो होतो का, असं तिने स्वतःला विचारलं. उत्तर येण्याआधी पिंप आलं. तिने मीटर कागदाशी जुळवून घेतला आणि मग ती पहिल्यांदा पाणी प्यायली.

बहात्तर पूर्णांक एकला शेवटचा चौकोन होता, त्यात झेंड्याचं चित्र. मीटरने आकडा दाखवला आणि समोर वाळूच होती. झेंडा नाही, माणूस नाही, गाडी नाही. चाकांच्या खुणा तेवढ्या पुढे गेल्या होत्या, चारपाच जणांच्या. तिने त्या खुणांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं. काय करावं ते कळेना म्हणून हातमोजे काढून पुन्हा घातले.

थोड्या वेळाने वाळूच्या टेकडीमागून परीक्षक चालत आला. वाऱ्याने आडवा झालेला झेंडा त्याने पायाने उचकटून उभा केला.

"चौघं तसेच पुढे गेले," तो म्हणाला. "त्यांना आणायला गाडी पाठवलीय. तुम्ही का थांबलात?"

"आकडे संपले," बसवाली म्हणाली.

त्याने यंत्र काढून पाहिलं. "एक सुटली. वेळ दोन तास एकावन्न. दाखला मिळेल."

तिला काहीतरी वाटायला हवं होतं. ती वाट बघत उभी राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई," टायरवाला कुजबुजत होता. "रागावू नकोस. आम्हाला राहवलं नाही. तिघं आलोय, शेवटच्या ठिकाणी लपून बसलोय. तू कुठे आहेस?"

"मी शेवटच्या ठिकाणी आहे."

पलीकडे भाऊंचा आवाज, दे इकडे, मग नणंदेचा, "वहिनी, मग आम्ही कुठे आहोत?"

"कागद नाही का तुमच्याकडे?"

"कागद तुमच्याकडेच आहे ना."

"आसपास काय दिसतंय, वन्सं?"

"वाळू," नणंद म्हणाली. "आणि एक झुडूप. टायरवाल्याच्या पायाला पुन्हा मुंग्या चावतायत."

बसवालीने टेकडीवर चढून चारी बाजूंना नजर टाकली. कुठे काही हललं नाही.

"लपू नका," ती फोनवर म्हणाली. "उठा, आणि तिघंही उभे राहा."

मग उत्तरेला, फार लांब, वाळूवर तीन बारीक रेघा उभ्या राहिल्या. एकीच्या हातात छत्री होती. बसवालीने उतरून गाडी चालू केली, आणि मीटरकडे न बघता तिकडे निघाली.