खलबत्त्याचं बोलावणं

मी खलबत्ता बोलतोय. आलं-लसूण ठेचणारा नव्हे हं! कॉफी कुटणारा, गुडघ्याएवढा, रानपिस्त्याच्या लाकडाचा. जॉर्डनमधल्या करक गावी अबू सलामांच्या बैठकीत माझं आयुष्य गेलं.

आमच्याकडे कॉफी तालात कुटतात. दोन ठोके तळाशी, एक काठावर. तो ताल गल्लीत गेला की शेजारीपाजारी समजतात, बोलावणं आलं. मग पेला पुन्हा पुन्हा भरायचा, पाहुणा तो हलवून ‘पुरे’ म्हणेपर्यंत. माझा आवाज ऐकून आलेला माणूस कोरड्या तोंडानं परतला, असं या घरात कधी झालं नव्हतं.

पुढे घरोघरी विजेची यंत्रं आली. मी कोपऱ्यात गेलो आणि कुणीतरी माझ्यात छत्र्या ठेवल्या. छत्र्या!

अबू सलामांचा मुलगा सलामा गिटार वाजवतो. त्याच्या रॉक बँडचं नाव ‘शेवटची बस’. “नावच असं, मग पोचणार कुठं?” असं बाप चिडवायचा, पण पहिल्या अल्बमसाठी बैठक त्यानंच मोकळी करून दिली. पोरांनी भिंतींना गाद्या टांगल्या आणि त्या खोलीला स्टुडिओ म्हणू लागले.

निम्मी गाणी झाली आणि ड्रम वाजवणारा मुहन्नद नोकरीसाठी दोहाला निघून गेला. सलामाचा लहानपणापासूनचा दोस्त. जाताना नीट निरोपही घेतला नाही. सलामानं रागाच्या भरात माझ्यातल्या छत्र्या उपसल्या आणि बत्ता हाणला. रिकामाच होतो, पण असा घुमलो की पोरं बघतच राहिली. लगेच माझ्यावर तोच कॉफीचा ताल धरून एक गाणं वाजवून पाहिलं.

गाणं संपतंय तोच दार वाजलं. शेजारचे अबू जिर्यस आणि त्यांच्यामागे सगळी गल्ली.

“देव तुझं भलं करो, सलामा! किती वर्षांनी! कुठंय कॉफी?”

“काका, कॉफी नाही. रेकॉर्डिंग चाललंय.”

“म्हणजे नुसतंच बडवलंस? आम्हाला जेवणावरून उठवलंस आणि आता वायरी दाखवतोस होय?”

अबू सलामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सगळ्यांना कॉफी पाजली आणि मग मला उचलून छातीशी धरलं.

“हा मिळायचा नाही.”

“बाबा, एकाच गाण्याला हवाय.”

“अरे, हे गाणं जिथं वाजेल तिथं माझं बोलावणं जाणार. त्या लोकांना कॉफी कोण देणार? तुझी बस?”

अल्बम तिथंच अडला. माझ्या ठोक्याशिवाय ते गाणं पोरांना आता लुळं वाटायला लागलं होतं. शेवटी सलामाच बापापुढे जाऊन बसला.

“तुम्हीच कुटा. खरी कॉफी घालून. अल्बमच्या वेष्टनावर आपल्या घराचा पत्ता छापू. ज्यानं ऐकलं, त्यानं यावं.”

अबू सलामांनी मला पुढ्यात ओढलं. मग म्हणाले, “वेलदोडे आण.”

ते गाणं आम्ही दोघांनी वाजवलं. आधी भाजलेल्या बिया कडकड फुटतात, मग आवाज मऊ होत जातो. त्या मऊ जागेत अबू सलामांचा श्वास ऐकू येतो, आणि शेवटी दार वाजल्याचंही. अबू जिर्यसच, दुसरं कोण!

अम्मानच्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं, ‘गाणी बरी आहेत; ड्रमवाला बहुधा सुतार असावा.’ अबू सलामा हे वाक्य पाहुण्यांना हसून ऐकवतात. खप यथातथाच झाला, पण लोक येऊ लागले. इरबिदहून विद्यार्थिनी आल्या, अकाब्याचा टॅक्सीवाला आला. “गाण्यात बोलावलंत, म्हणून आलो.” एकही जण कोरड्या तोंडानं परतला नाही.

आता माझा तळ झिजलाय, अंगाला चीर गेलीय. आज कुटणं चाललेलं असताना दारात मुहन्नद उभा राहिला. केस विरळ झालेले, हातात मिठाईचा डबा. सलामा जागचा हलला नाही.

“गाडीत ऐकलं,” मुहन्नद खाली बघत म्हणाला. “माझ्या जागी काय वाजतंय, ते लगेच ओळखलं. उशीर झाला का, काका?”

“अजून कुटतोय,” अबू सलामा म्हणाले. “बैस. सलामा, पेला दे त्याला.”

कॉफी उकळली. सलामानं ओतली. मुहन्नद प्यायला आणि त्यानं पेला तसाच पुढे धरला. सलामानं पुन्हा ओतली. पेला पुन्हा पुढे आला.

माझी चीर वाढली तर वाढू द्या, पण माझ्यात पुन्हा छत्र्या ठेवू नका. आणि मुहन्नद, बाळा, तो पेला एवढ्यात हलवू नकोस.