हेस्टरचा आडोसा

हेस्टर क्रूगर माझ्या पाठीमागे पळत होती, इतकी जवळ की तिचा श्वास मानेला लागत होता. समुद्रात पोहून झालं, सायकल झाली, आता बेचाळीस किलोमीटरच्या पळण्यातला शेवटचा तुकडा उरला होता. आमच्या पोर्ट एलिझाबेथचा वारा भल्याभल्यांना उभं राहू देत नाही, आणि ही बया आयता आडोसा म्हणून मला वापरत होती. सायकलवर असं केलं तर पंच शिक्षा करतात. पळताना चालतं.

पंचावन्नच्या पुढच्या आम्हा बायकांतून हवाईच्या जागतिक शर्यतीला एकीलाच जागा. गेल्या साली हिने अशीच पाठ धरली, शेवटच्या वळणावर पुढे झाली आणि जागा घेऊन गेली. वर चारचौघांत माझ्याबद्दल म्हणाली, नोमवुझोची पाठ चांगली रुंद आहे. ते मी वर्षभर गिळलेलं नाही.

बुटात नखं सुटली होती. ताकदीसाठी वाटेत खायचा मिठाचा उकडलेला बटाटा घशाखाली उतरेना. रस्त्याकडेला लोक निवांत मटण भाजत होते आणि मला सांगत होते, मामा, म्हणजे आमच्याकडे आई, जरा हसा की. हसा म्हणे! तुमचं काय जातंय?

मी पळणं सोडून सरळ चालायला लागले. तीही चालायला लागली.

"पुढे हो की," मी म्हणाले.

"मला नाही बाई घाई."

मी थांबले, नाडी सोडून पुन्हा बांधली. ती मागे गुडघ्यांवर हात टेकून उभी. मरेल, पण पुढे होणार नाही.

आमच्यात कुणी कुणाचं तोंड बघत नाही, पोटरी बघतात. तिथे शाईने वयोगटाचं अक्षर काढलेलं असतं. मागून येणाऱ्या प्रत्येकाची पोटरी मी बघत होते. सगळ्या तरण्याताठ्या. एक बुटकी बाई गुडघ्यापर्यंत मोजे ओढून तुरुतुरु निघून गेली. असेल कुणी.

वळणानंतर वारा पाठीशी आला, तिचा आडोसा संपला आणि मी जीव खाऊन पळाले. ती बरोबरीला आली, कोपरं लागली, पण रेघ मी एका पावलाने आधी ओलांडली. तिथेच पडले आणि पडल्या पडल्या तिला म्हणाले, "यंदा नाही, हेस्टर."

फळांच्या टेबलापाशी ती बुटकी बाई संत्रं खात बसली होती. पाय मोकळे करायला तिने मोजे खाली सारले. पोटरीवर आमच्याच गटाचं अक्षर होतं.

"मघाशी वाटेत थांबलेल्या त्या तुम्हीच ना?" तिने विचारलं. "मला वाटलं, बिचाऱ्या दमल्या."

हेस्टरने अक्षर वाचलं, मग माझ्याकडे बघितलं.

"चला, तुलाही नाही," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला.

हवाई गेलं म्हणून मला रडू येत होतं. पण तिलाही नाही हे मनात उतरलं, तशी मला सकाळपासून पहिल्यांदा सपाटून भूक लागली.