लेकीला तपासायला नेलं

होंडुरासच्या किनाऱ्यावरच्या त्या गारिफुना लोकांच्या गावात बायका कसावाचे कंद किसायला पडवीत जमत. तिथे नर्स एल्बाबाई बोलून गेल्या आणि निकासियाला चैन पडेना. एचआयव्ही घरात बसलेल्या बायकांनाही होतो, असं त्या म्हणाल्या होत्या. निकासियाच्या डोक्यात राहिलं ते एवढंच, की कोवळ्या पोरी जास्त सापडतात. तिची यारिसा सतरा वर्षांची, त्यात ढोल वाजवणाऱ्या एका पोराबरोबर समुद्रावर दिसलेली. दुसऱ्याच सकाळी तिने लेकीला दवाखान्यात नेलं.

"तूपण कर की मग," यारिसा फुरंगटून म्हणाली.

"मला गं काय झालंय? तुझ्या बापाशिवाय कुणाकडे बघितलं तरी का मी?"

"मग घाबरतेस कशाला?"

निकासिया हसली आणि बोट पुढे केलं.

यारिसाला काही नव्हतं. तिला बाहेर बसवून एल्बाबाईंनी निकासियाचं रक्त पुन्हा घेतलं, दुसऱ्या किटवर तपासलं.

"दोन्हींत आलंय, निकासिया."

"काहीतरीच काय बाई. नवरा बोटीवर असतो माझा, नाताळाला तेवढा येतो."

एल्बाबाईंनी खुर्ची जवळ ओढली. आपण काय बोललो ते निकासियाला हळूहळू उमगलं. गोळी रोज घ्यायची, नेमाने घेतलीस तर नातवंडं खेळवशील, असं त्या समजावत होत्या. तिला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

घरी सासू तव्यावर कसावाची भाकरी शेकत होती.

"आई, तुमच्या तेओदोरोला एचआयव्ही आहे."

सासूने मान वर केली नाही. "कुणी सांगितलं तुला?"

निकासिया दारातच खाली बसली. "तुम्हाला ठाऊक होतं."

"तो गोळ्या घेतो आता. तीन वर्षं झाली. तुला सांगितलं असतं तर सोडून गेली असतीस त्याला."

"आणि माझं काय? मीही तेव्हाच गोळ्या सुरू केल्या असत्या."

"बाहेर बोलू नकोस," सासू म्हणाली. "यारिसाचं लग्न व्हायचंय."

दुपारी निकासिया पडवीत गेली आणि सगळ्यांसमोर बोलली. नवऱ्याचं नाव घेतलं, सासूचंही घेतलं. किसण्या थांबल्या. शेजारच्या सबिनाने हातातला कंद खाली ठेवला.

"माझाही त्याच बोटीवर आहे गं."

"ऊठ. मी येते तुझ्याबरोबर."

सबिनाला काही निघालं नाही. ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली आणि निकासिया तिची पाठ चोळत राहिली.

संध्याकाळी तेओदोरोचा फोन लागला. तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गावात कुणाकुणाला कळलंय?"

ती कशी आहे, हे त्याने विचारलंच नाही.

"सगळ्यांना," निकासिया म्हणाली. पलीकडून शिव्या सुरू झाल्या, तेव्हा तिने फोन ठेवला आणि यारिसाकडे पाणी मागितलं. पहिली गोळी घ्यायची होती.