येते

ताईने पट्टीवर चिकटपट्टी दाबून बसवली आणि म्हातारीचा पाय स्वतःच्या मांडीवरून उचलून घोंगडीच्या घडीवर ठेवला. सूज आजही तशीच होती. औषध देऊन तीन दिवस झाले, तरी रोज सकाळी पाय टम्म फुगलेला.

“पाय वर ठेवायचा. वर!” तिने हाताने दाखवलं. “सांगून सांगून तोंडाला फेस आला माझ्या.”

म्हातारी हसली. ताईच्या मराठीतलं अक्षरही तिला कळत नव्हतं.

चौतीस वर्षं वॉर्डात काढून ताई निवृत्त झाली, तेव्हा आता कापसाच्या बोळ्याला हात लावणार नाही असं तिने घरभर जाहीर केलं होतं. धाकट्या बहिणीला घेऊन जन्मात पहिल्यांदा परदेश बघायला निघाली आणि तिसऱ्याच दिवशी तिथे भूकंप झाला. हॉटेल वाचलं, विमानतळ बंद पडला. समोरच्या शाळेत जखमींना आणून ठेवू लागले, तेव्हा दोघी नुसत्या बघायला म्हणून गेल्या आणि पाच दिवस तिथेच अडकल्या. बहीण पाणी वाटायची, ताई जखमा धुवायची. पहिले दोन दिवस हात आपोआप चालले. आता कंबरेचा काटा ढिला झाला होता, आणि कुणी कण्हलं की तिला आधी रागच यायचा.

“ताई, चारला बस आहे विमानतळाची,” बहीण म्हणाली. “सामान बांधलंय मी. पुरे झाली तुझी सहल.”

तेवढ्यात शाळेतली शिक्षिका आली. तिला थोडंफार इंग्रजी यायचं, ताईलाही तेवढंच. पहिल्याच दिवशी ताईने तिच्याकडून तिथल्या भाषेतले चार शब्द वहीत उतरवून घेतले होते: पाणी, दुखतं का, थांबा, येते.

“मोठ्या रुग्णालयाची गाडी आलीय,” शिक्षिका म्हणाली. “यानंतर येणार नाही. पण आजी आजही नकोच म्हणतात.”

“अहो, पाय गमावून बसतील! का नको?”

शिक्षिका जरा घुटमळली.

“तुमच्यामुळे. रोज संध्याकाळी निघताना तुम्ही त्यांना सांगता, ‘येते’. मग त्या दाराजवळच्या बाकावर जाऊन बसतात. झोपायला चला म्हटलं तरी ऐकत नाहीत. म्हणतात, ती येईल आणि मी जागेवर नसले तर?”

ताईच्या हातातली कात्री तशीच राहिली. तो बाक तिने पाहिला होता. त्यावर पाय खाली सोडूनच बसावं लागत होतं.

“आमच्यात निघताना असंच म्हणतात,” ती म्हणाली. “‘जाते’ म्हणत नाहीत. रोग्यासमोर तर नाहीच नाही.”

“परत येणार नसलात तरी?”

“तरीही.”

एरवी बहिणीने यावर ताईची फिरकी घेतली असती. आज ती पाण्याची बाटली उचलून पुढच्या जखमीकडे वळली.

“‘जाते’ला तुमच्यात काय म्हणतात?” ताईने विचारलं.

शिक्षिकेने सांगितलेला शब्द तिने ‘येते’च्या खाली लिहिला आणि दोनदा पुटपुटून पाहिला. वॉर्डात सकाळपर्यंत जगणार नाहीत हे माहीत असलेल्या माणसांनाही तिने आजवर ‘येते’ म्हणूनच निरोप दिला होता. त्यातला एकही जण उठून दाराशी बसला नव्हता.

ती म्हातारीपाशी टेकली, तिचा हात हातात घेतला आणि तो शब्द म्हणाली. म्हातारीने कान पुढे केला. स्वतःकडे, मग दाराकडे, मग दाराच्याही पलीकडे बोट दाखवत तिने तो पुन्हा म्हटला.

म्हातारीने त्या बोटामागे दाराकडे पाहिलं. मग तिने आपला हात सोडवून घेतला आणि दाराकडे पाठ करून आडवी झाली.

“गाडीवाल्यांना बोलावते,” शिक्षिका हळूच म्हणाली.

कूस बदलताना दुखरा पाय घोंगडीवरून घसरला होता. ताई पुढे झाली, पण त्याआधीच म्हातारीने उठून तो दोन्ही हातांनी उचलला आणि आपणहून वर ठेवला.