तीन महिने सौना बंद

"तीन महिने सौनात पाऊल टाकायचं नाही. त्या वाफेच्या खोलीतल्या उष्णतेनं शुक्रजंतू कमी होतात, आणि नवे तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच," पहिल्या तपासणीत ऑत्सोचा आकडा फार कमी आला तेव्हा डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या होत्या.

आज दुसऱ्या नमुन्याचा अहवाल त्यांच्या हातात होता. "आकडा तिथंच आहे. पथ्य पाळलंत ना?"

"एकदासुद्धा गेला नाही हो," त्याच्या आधी त्याची बायको हिल्लाच बोलली.

ऑत्सोचे वडील दर शनिवारी तळ्याकाठचा सौना तापवून त्याला बोलवत. त्यांना नाही म्हणायचं, तर कारण सांगावं लागलं असतं. हिल्लाला मासे धरायला जातो म्हणून सांगून तो पाच शनिवार तिथं जाऊन आला होता.

"मग थांबण्यात अर्थ नाही. हिल्ला, टेस्ट ट्यूब बेबीसाठी तुमची इंजेक्शनं सुरू करू." डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला. हिल्लानं सहीसाठी पेन उचललं.

"थांब," ऑत्सो म्हणाला. "गेलो होतो. पाच वेळा. बाबांना काय सांगणार होतो?"

"वा! बाबांपुढे तुझी मान ताठ राहावी, म्हणून सुया मी टोचून घ्यायच्या?"

"मग या अहवालावरून काहीच ठरवता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा तीन महिने."

"आणि या वेळी बाबांना तू सांगायचंस. खरं कारण," हिल्ला म्हणाली.

"सांगेन."

शनिवारी दुपारी तळ्याकाठी धूर दिसू लागला. ऑत्सोनं टॉवेल न घेता बूट चढवले, दार हळूच ओढलं आणि तो वडिलांच्या घराकडे चालू लागला.