ओवाळणीचा आकडा

दौलतला निर्णय लांबवायला फार आवडे. समोरचा माणूस ताटकळलाय, त्याचा जीव टांगणीला लागलाय आणि दोरी आपल्या हातात आहे, यात त्याला जेवणावर पान मिळावं तसं सुख वाटायचं. त्याची धाकटी बहीण मालन हे परकर नेसायच्या वयापासून पाहत आलेली. तरी एकोणीसशे नव्याण्णवच्या जूनमध्ये तिने आपल्या नवऱ्याला त्याच दादाच्या दारात नेऊन उभं केलं. आता चूक कुणाची म्हणायची, तर तिचीच.

नवरा म्हणजे गोपीनाथ. ठाण्याच्या एका कारखान्यात वीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंग काढणारा सरळमार्गी माणूस. कारखान्याने हातात पाकीट देऊन घरी बसवलं, तेव्हा त्याने घरी बसायचं नाकारलं. डोंबिवलीत क्लास लावला, हप्त्यांवर कॉम्प्युटर घेतला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी वेबसाइट बनवायला शिकला. वर्तकनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत शोकेस हलवून कॉम्प्युटर बसला. त्यावर मालनने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर चढलं. फक्त गिऱ्हाईक तेवढं येईना. खालच्या वाण्याने विचारलं, "त्यात माल ठेवायचा कुठं?"

नेमकं त्याच वेळी दौलतला वेबसाइट हवी झाली. डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्याचा गाळा होता, रबराचे वॉशर बनवायचा. दुबईचा एक व्यापारी त्याचं व्हिजिटिंग कार्ड उलटसुलट करून म्हणाला होता, वेबसाइट कुठाय? झालं. दौलतने चौकशी सुरू केली. ठाण्याच्या एका काचेच्या दारवाल्या कंपनीने पासष्ट हजार सांगितले. कल्याण स्टेशनजवळचा सायबर कॅफेवाला चार हजारांत तयार होता. गोपीनाथने रात्रभर बेरजा करून पंचवीस हजार सांगितले, आणि तेही चोरी केल्यासारखं खाली बघून.

"दाजी, आपल्यात आकडा कसला ठरवताय?" दौलत म्हणाला. "तुम्ही काम चालू करा. बघू."

या 'बघू'त चार महिने गेले. दर रविवारी गोपीनाथ खिशात फ्लॉपी घालून ठाकुर्लीला दौलतच्या घरी जायचा. दौलत चहा पीत घरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायचा आणि काहीतरी नवीन काढायचा. पहिल्या पानावर वडिलांचा हार घातलेला फोटो पाहिजे. गाळ्यातल्या सत्यनारायणाचा पाहिजे. कंपनीचं नाव गोल फिरलं पाहिजे. फिरल्यावर म्हणाला, उलटं फिरवा. फोटो स्कॅन करायचे पैसेसुद्धा गोपीनाथच्याच खिशातून जायचे. आकड्याचा विषय निघाला की दौलत म्हणायचा, "ठाणेवाला पासष्ट बोलतो, कल्याणवाला चार बोलतो. माणसाने कुणाचं खरं मानायचं? विचार करतोय मी."

सप्टेंबरात वेबसाइट सुरू झाली आणि दुबईची ऑर्डर आली. दौलतने गाळ्यात पेढे वाटले. गोपीनाथलाही दिला, एक.

इकडे कॉम्प्युटरचे तीन हप्ते थकले. दुकानदाराचा माणूस येऊन बघून गेला, वरचं कव्हर उचलून मशीन पुसलं-बिसलं जातंय ना ते पाहिलं आणि सांगून गेला, दिवाळी गोडीत करा, नंतर आम्ही टेम्पो घेऊन येतो. मशीन गेलं की धंदा गेला. धंदा गेला की गोपीनाथही गेल्यातच जमा, हे मालनला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने पीसीओवरून दौलतला फोन लावला.

"अगं, एवढा आवाज बारीक कशाला?" तो म्हणाला. "भाऊबीजेला या दोघं. त्या दिवशी फायनल करतो. शब्द माझा."

भाऊबीजेला दोघं ठाकुर्लीला पोचली. आई, हौसाबाई, दिवाणावर बसलेली. नीलावहिनी स्वयंपाकघरात. संध्याकाळी दिवे लागल्यावर पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. दौलत नवीन कुर्ता घालून पाटावर बसला, मांडीवर हात ठेवून त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि बोलायला लागला.

"दाजींच्या वेबसाइटचं आज मिटवून टाकू. माझ्याकडे आकडे तीन. चार, पंचवीस, पासष्ट. मला काय त्यातलं कळत नाही. म्हणून मी ठरवलंय, मी ठरवायचंच नाही. मालन ओवाळताना तबक हातात धरून जो आकडा मागेल तो मी ओवाळणीत घालणार. एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही."

"बघ बाई, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं," हौसाबाई म्हणाली.

गोपीनाथ तर फुललाच. मालन तबक आणायला आत वळली तसा तो मागोमाग आला आणि कुजबुजला, "पंचवीस म्हण. बिनधास्त म्हण. आपल्या हक्काचे आहेत."

मालनला मात्र डाव स्वच्छ दिसला. ओवाळणाऱ्या बहिणीने तोंड उघडून आकडा मागायचा नसतो. भाऊ विचारतो, काय पाहिजे? बहीण म्हणते, मला काही नको दादा, तुझी माया असू दे. लग्नाला बावीस वर्षं झाली, दरवर्षी तिने हेच म्हटलेलं आणि खरंच तसं वाटून म्हटलेलं. आज तेच म्हणाली तर चार महिन्यांची मजुरी बुडाली, वर चारचौघांत तिनेच सोडली असं झालं. आकडा बोलली तर भावाच्या ताटात बिल ठेवणारी ठरली. दौलतने तिला कात्रीत धरलं होतं आणि कात्री चालवायलाही तिलाच लावत होता.

ती बाहेर आली आणि वाकून हळूच म्हणाली, "दादा, जे काय असेल ते यांच्या हातात जेवण झाल्यावर दे ना. ओवाळणीत नको रे आणूस ते."

"का? ओवाळणीतच तर मजा आहे," दौलत मोठ्याने म्हणाला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

मालनने त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. अंगठी-सुपारीने ओवाळलं, मग निरांजनाने ओवाळलं. तिने तबक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"हां, बोल," दौलत म्हणाला. "काय पाहिजे माझ्या बहिणीला?"

तोंडात सवयीचं वाक्य तयार होतं. गेली बावीस वर्षं तिथेच बसलेलं होतं. पण तिला तो दुकानदाराचा माणूस आठवला. फिरणारं नाव उलटं फिरवायला पहाटेपर्यंत पाठ वाकवून बसलेला नवरा आठवला. आणि खरं सांगायचं तर तिला रागही आला, दादाच्या त्या हसऱ्या तोंडाचा मनापासून राग आला.

"पंचवीस हजार," ती म्हणाली.

ते नको तेवढं मोठ्याने आलं. "अगं मालन!" हौसाबाई दिवाणावरून किंचाळलीच. "ओवाळताना? भावाला? काय बाजार मांडलायस का?"

दौलतचं हसू जराही हललं नाही. त्याने उजव्या खिशात हात घातला आणि पाचशेच्या नोटांचं बंडल काढून तबकात ठेवलं. आधीच मोजून रबर लावलेलं होतं. अक्षता बाजूला सरकल्या, निरांजन डगमगलं.

"मोजून घे. बरोब्बर पंचवीस," तो म्हणाला. मग त्याने डावा खिसा थोपटला. "आता गंमत सांगू? मी मनाशी धरलेलं, मालन काही नको म्हणाली तर ठाणेवाल्याचा रेट द्यायचा. पासष्ट. या खिशात बाकीचे आहेत. म्हटलं बघू तरी, बहिणीचा भावावर किती विश्वास आहे. तू तर थेट बिलच फाडलंस."

खिशात काही नव्हतं. कुर्ता तलम होता, दिव्यासमोर बसलेला होता, आत रुमाल होता तेवढा दिसत होता. निदान मालनला तरी दिसत होता. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. गोपीनाथ त्या खिशाकडे बघत होता आणि त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

दौलतने तोच रुमाल बाहेर काढला. कपाळावरचं कुंकू शांतपणे पुसलं, अक्षता झटकल्या आणि तो पाटावरून उठला. भाऊबीजेचा टिळा पुसताना तिथल्या कुणीच कुणाला पाहिलेलं नव्हतं. नीलावहिनी दारातच थांबली.

"बिल वसूल करायला आलेल्याकडून मी ओवाळून घेत नाही," तो म्हणाला. "हिशोब चुकता झाला ना? मग पुढच्या वर्षीपासून ठाकुर्लीला यायची तसदी नको. वर्तकनगरला गच्ची आहे ना तुमच्याकडे? चंद्राला ओवाळ. भाऊ नसतो त्या बायका तेच करतात."

मालनने आईकडे पाहिलं. एक शब्द बोलली असती म्हातारी, तरी पुरे होतं. हौसाबाई पदराने डोळे पुसत होती, पण ते लेकासाठी. "इतकं मनात धरलेलं रे पोराने," ती नीलाला सांगत होती. "पासष्ट हजार! आणि हिने काय केलं बघ."

"ताई, जेवून..." नीलावहिनी म्हणाली, पण दौलतने बघितल्यावर तिने वाक्य पुरं केलं नाही. मालनने तबक जमिनीवर ठेवलं. बंडल उचललं, नोटांना लागलेलं कुंकू पदराला पुसलं आणि पिशवीत घातलं. तिला रडू येत होतं, पण त्या घरात रडायचं नाही एवढंच तिने धरून ठेवलं. पाया पडायला ती वाकली तर आईने पाय दिवाणावर वर ओढून घेतले.

स्टेशनच्या रस्त्याला फटाक्यांच्या कागदांचा खच पडला होता. दोघं चालत होती. मालन वाट बघत होती की हा काहीतरी बोलेल. जाऊ दे म्हणेल. नालायक आहे तुझा भाऊ म्हणेल. निदान हात तरी धरेल. माहेर देऊन तिने याचा धंदा सोडवला होता, आणि हे निदान याला तरी दिसलं असणार, असं तिला वाटत होतं.

गोपीनाथने पिशवी तिच्या हातातून घेतली, काखेत धरली आणि पुलापर्यंत तो चालत राहिला. बोटांवर काहीतरी मोजत होता. पूल चढताना थांबला.

"चाळीस हजार गेले गं," तो म्हणाला. "दरवर्षी म्हणतेस ना, मला काही नको? मग आजच म्हणायला काय झालेलं तुला?"