पात्याची मलमपट्टी

उना नदीच्या अलीकडच्या काठावर चार खांबांवर उभी असलेली ती लाकडी चौकी ओब्राद आणि विदोये हे दोघंच वर्षानुवर्षं सांभाळत आले होते, आणि गावात कोणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ऐन पंचविशीत दोघं चर्चमध्ये वेदीसमोर हातात हात देऊन धर्मभाऊ झाले होते. गावाला तेवढं पुरत होतं, आणि त्यापुढचं जे होतं ते त्या दोघांचं होतं. ओब्राद अंगाने आडदांड आणि बोलायला तुटक. विदोये हाडाने बारीक, जिभेने तिखट. चुलीवर मक्याचं पीठ शिजवताना त्याला गुणगुणायची सवय होती. ती गुणगुण नसती तर आपण त्या दलदलीत एक हिवाळाही काढला नसता, हे ओब्राद मनातल्या मनात कबूल करी.

पलीकडचा काठ सुलतानाचा होता. तिकडची माणसं गुरं पळवायला इकडे येत, इकडची तिकडे जात. दोन्हीकडची भाषा एकच, जाडेभरडे लोकरी अंगरखेही एकाच तऱ्हेचे, त्यामुळे मेलेला माणूस कोणाचा हे कधीकधी त्याच्या आईलाच विचारावं लागे.

पानगळीतल्या एका सकाळी धुकं इतकं दाट उतरलं की पसरलेला हात दिसेना, आणि त्या धुक्यातून सात-आठ जण नदी ओलांडून आले. बोरूच्या बेटात गाठ पडली. ओब्रादने जे हललं त्यावर वार केला. एकाचा जबडा तुटून लोंबकळला. दुसऱ्याला त्याने गुडघ्याखाली दाबून, हातपाय झाडायचे थांबेपर्यंत चिखलात तोंड खुपसून धरलं. धुकं विरलं तेव्हा विदोये पालथा पडला होता, डाव्या खांद्यापासून बरगडीपर्यंत चिरलेला, आणि त्याच्यावर वाकून एक जण त्याचा कमरपट्टा सोडत होता. ओब्रादने दोन घावांत त्याची मान उडवली आणि त्याच्या बाजूला पडलेली वाकडी तलवार उचलून घेतली.

तलवार उचलली ती लुटीसाठी नव्हे. त्या काठावर सगळ्यांना ठाऊक असतं, की नुसत्या जखमेला मलम लावून भागत नाही. जिने जखम केली त्या पात्यालाही लावावं लागतं. पातं धुवायचं, डुकराच्या चरबीने चोळायचं, तागाच्या कापडात गुंडाळून सावलीत निजवायचं. पात्याला गारठा लागला तर जखमी कुडकुडतो, आणि पातं चुलीजवळ नेलं तर जखम पेटते.

विदोयेला गावापर्यंत नेणं शक्यच नव्हतं. गावातली स्तामेना मावशी चौकीवर आली, तिने जखम शिवली, आणि निघताना ओब्रादच्या मांडीकडे बोट दाखवलं.

"हे काय रे?"

"काटा लागला असेल."

"चांगला वीतभर काटा आहे. काट्यालाही चरबी लावू का?"

ओब्रादने तिथे चिंधी बांधली आणि तो ते विसरून गेला. वाकड्या तलवारीची सेवा मात्र त्याने तान्ह्या मुलासारखी केली. तरीही विदोयेची जखम काळी पडत गेली, तिला घाण येऊ लागली. एका दुपारी ओब्राद चौकीखाली बसून स्वतःच्या तलवारीला धार लावत होता, तेव्हा वरून विदोये ओरडला. तो धावत वर गेला. विदोये दात आवळून पडला होता.

"खरवडतंय," तो म्हणाला. "कोणीतरी हाड खरवडतंय."

ओब्राद त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवून बसून राहिला. तापात माणूस काहीबाही बोलतो, असं त्याने स्वतःला समजावलं. विदोये शांत झाल्यावर तो खाली गेला आणि उरलेली धार लावू लागला. पुन्हा ओरडणं ऐकू आलं.

दहाव्या दिवशी मावशीने पट्टी सोडली, हुंगली आणि मान हलवली. "हे ते पातं नव्हे, बाळा. तू भलत्याचीच चाकरी करतो आहेस."

"मग कुठलं?"

"ते मी कसं सांगू? जे पळाले ते पात्यांसकट पळाले."

मग ओब्राद नदी ओलांडून गेला. पहिला माणूस त्याला दारात अक्रोड फोडताना सापडला. "मी त्या दिवशी आलोच नव्हतो," तो म्हणाला, आणि पोट फाटल्यावरही तेच म्हणत राहिला. दुसऱ्याला त्याने पाणचक्कीच्या दगडावर डोकं आपटून मारलं. तिसरा घोडा धूत होता. त्याने तर तलवार आपणहून पुढे केली होती, तरी ओब्रादने त्याला सोडलं नाही. त्याला त्यांचा राग येत नव्हता. विदोये गेला तर चूल कोण पेटवणार, एवढाच विचार त्याच्या डोक्यात घोळत होता. तिन्ही पाती आणून त्याने धुतली, चोळली, गुंडाळली. विदोयेचा श्वास आणखी उथळ झाला.

त्या तिघांच्या रक्ताने ओब्रादची स्वतःची तलवार म्यानात चिकटून बसली होती. ती त्याने ओढून काढली, धुतली, आणि भांड्यात चरबी उरलीच होती म्हणून तीच पात्याला चोळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी जखमेची कड गुलाबी होती. विदोयेने पेज मागितली.

ओब्रादला धार लावतानाचं ते ओरडणं आठवलं. मग, विदोये गाढ झोपलेला असताना, त्याने स्वतःची तलवार उचलली आणि तिचं टोक चुलीच्या धगीजवळ नेलं, क्षणभरच. विदोये झोपेतच किंचाळून ताठ झाला. ओब्रादने तलवार मागे घेतली, पाण्यात बुडवली, छातीशी धरली, आणि लहानपणानंतर पहिल्यांदा तो रडला. वार कोणाचा होता ते त्याला कळलं होतं. नदीपलीकडचे ते तिघे कशासाठी मेले, तेही.

त्यानंतर त्याने आपल्या तलवारीची जी निगा राखली तशी कोणी नवरीचीही राखत नसेल. विदोये भरून येत गेला. महिन्याभरात उठून बसला, भिंतीला धरून चालू लागला, गुणगुणूही लागला. ओब्रादच्या मांडीवरची चिंधी मात्र रोज बदलावी लागे. ती जखम चिघळत नव्हती आणि मिटतही नव्हती.

एका सकाळी चुलीपाशी मक्याचं पीठ ढवळता ढवळता विदोयेने विचारलं, "मला कोणी मारलं रे त्या दिवशी?"

ओब्रादने त्याच्याकडे पाहिलं. सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण त्याला विदोयेचे हात दिसले, ढवळणारे, जिवंत, आणि ते पुन्हा गमवायची त्याची छाती झाली नाही.

"त्यांच्यातल्याच एकाने."

"आणि तू पलीकडे जाऊन किती मारलेस? मावशी म्हणाली, तीन."

"तीन."

"माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच."

विदोयेने भांडं खाली उतरवलं. "तुझा वार मी ओळखतो, ओब्राद. खांद्यावर बसला तेव्हाच ओळखला होता. माझा तुला ओळखता आला नाही, होय ना?"

विदोये भिंत धरत खिडकीपर्यंत गेला, आणि धुक्याच्या त्या दिवसापासून खुंटीला तशीच टांगलेली आपली तलवार त्याने खाली काढली. पात्यावर अर्ध्या वितीएवढा वाळलेला तपकिरी डाग होता. चरबीच्या भांड्यात दोन बोटं बुडवून तो अगदी मायेने त्या डागावरून फिरवू लागला, आणि ओब्रादला आपल्या मांडीत खोल, गोड गारवा पसरताना जाणवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिथली ठसठस थांबली.

"बरं वाटतंय?" विदोयेने विचारलं.

"हो."

"मग आता सांग. कोणी मारलं मला?"

ओब्रादने तोंड उघडलं आणि मिटलं. मग विदोयेने चुलीत दोन लाकडं सारली, फुंकर घातली, आणि धगीच्या अगदी जवळ सरकून तो शेकत बसला. तलवार त्याने आपल्या मांडीवरच ठेवली होती, टोक धगीकडे.